वाचकांचे प्रश्न : वर्गातले उपक्रम

प्राथमिक वर्गांत नुकत्याच झालेल्या उपक्रमांविषयी शिक्षक आणि पालकांनी विचारलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे : उपक्रम झाला, मुलं रमली, पण त्यांना नेमकं काय कळलं हे सांगता येत नाही. म्हणून उत्तरांत साहित्य आणि कृती तर आहेच, शिवाय मुलांनी आधी काय अंदाज करायचा, काय मोजायचं आणि कुठे लिहायचं हेही सांगितलं आहे.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात बी रुजवण्याचा प्रयोग केला. निम्म्या बिया कुजल्या. उरलेल्या छान रुजल्या, पण मुलांनी शेवटी ‘बी रुजायला पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश लागतो’ असंच लिहिलं. कुठे चुकतं?

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कुजण्याचं पाहू.

कुजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जास्तीचं पाणी. रुजणारी बी श्वसन करते. ती पाण्यात बुडून राहिली तर तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, ती मऊ पडते आणि मग बुरशी येते. वाटीतल्या ओल्या कापसावर बिया ठेवल्या की हेच होतं. शिवाय मुळं कापसात गुंततात आणि मुलांना दिसत नाहीत. त्याऐवजी सरळ उभ्या भिंतीचा पारदर्शक ग्लास घ्या. टिपकागदाची किंवा जाड टिश्यूची ग्लासच्या उंचीइतकी पट्टी आतून गोल लावा आणि मधली पोकळी चुरगळलेल्या कागदाने भरा, म्हणजे पट्टी भिंतीला चिकटून राहील. आता बिया भिंत आणि पट्टी यांच्या मध्ये सरकवा, काठापासून साधारण ३ सेंटिमीटर खाली आणि एकमेकींपासून दोन बोटं दूर. तळाशी १ सेंटिमीटर पाणी पुरेसं आहे. कागद ते वर ओढून घेतो आणि बी ओलसर राहते, बुडत नाही. एका ग्लासात चार-पाच बिया हव्यात. एकच लावली आणि ती नेमकी खराब निघाली तर त्या गटाच्या हाती काहीच उरत नाही.

बिया लावण्यापूर्वी ८ ते १० तास भिजवा. दिवसभराहून जास्त भिजवल्या की त्या पाण्यातच कुजायला लागतात. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या गुलाबी किंवा हिरव्या रंगाच्या बियांवर बहुधा औषध चोळलेलं असतं, त्या वर्गात आणू नका. राजमा वापरणार असाल तर कच्चा राजमा विषारी असतो हे मुलांना स्पष्ट सांगा. बिया हाताळून झाल्या की हात धुवायचे. मुगाला मूळ एक-दोन दिवसांत दिसतं, घेवडा आणि मक्याला तीन ते पाच दिवस लागतात, थंडीत याहून जास्त. सोमवारी भिजत घालून मंगळवारी मूग लावले तर आठवडा संपायच्या आत मुळं दिसतात. शुक्रवारी लावले तर सगळं महत्त्वाचं शाळा बंद असताना घडून जातं.

आता सूर्यप्रकाशाचं. मुलांनी ते वाक्य लिहिलं, कारण प्रयोगात तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. उजेडात ठेवलेला एकच ग्लास पाहून उजेड लागतो की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही. चार ग्लास करा. पहिला ओला, खिडकीजवळ उघडा. दुसरा ओला, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद. तिसरा कोरडा. चौथ्यात उकळून गार केलेलं पाणी घेऊन त्यात बिया पूर्ण बुडवायच्या आणि वर तेलाचा पातळ थर सोडायचा, म्हणजे हवा पोचणार नाही. खोकं खिडकीजवळच, पहिल्या ग्लासशेजारी ठेवा. ते थंड कोपऱ्यात ठेवलं तर उजेड आणि तापमान अशा दोन गोष्टी बदलतात, आणि फरक कशामुळे पडला हे कळत नाही. ग्लास मांडण्याआधी प्रत्येक मुलाने ‘कुठल्या ग्लासातल्या बिया रुजतील?’ याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून, खाली नाव घालून भिंतीवर लावायचं. हा टप्पा वेळेअभावी गाळू नका. आपण आधी काय म्हणालो होतो ते समोर टांगलेलं असलं तरच निकाल पाहून मूल चकित होतं.

पहिला आणि दुसरा, दोन्ही रुजतात. खोक्यातलं रोप लांब, किरकोळ आणि पिवळट असतं, पण बी रुजलेली असते. सुरुवातीचं अन्न बीमध्येच साठवलेलं असतं. उजेड लागतो तो त्यानंतर, पानांनी अन्न तयार करायचं तेव्हा. आठवड्यानंतर तेच पिवळं रोप खिडकीत आणलं की एक-दोन दिवसांत हिरवं होऊ लागतं. एवढं पाहिलेलं मूल रुजणं आणि वाढणं यांत गल्लत करत नाही. काही बारीक बियांना रुजतानाही उजेड लागतो, पण मूग, घेवडा, मका यांना नाही. त्यामुळे निष्कर्षात ‘सगळ्या बिया’ असं न लिहिता ‘आम्ही घेतलेल्या बिया’ असं लिहायला लावा.

नोंदीसाठी सोपा मार्ग : रोज ठरलेल्या वेळी रोपाच्या उंचीइतकी कागदी पट्टी कापायची आणि मोठ्या कागदावर एका आडव्या रेषेवर उभी चिकटवायची, खाली तारीख. दहा दिवसांत आलेख आपोआप तयार होतो, आणि आकडे नीट न लिहिणाऱ्या मुलालाही तो वाचता येतो. सुट्टीच्या दिवसाची जागा मोकळी सोडा. पट्ट्या सलग चिकटवल्या तर सोमवारी रोपाने एकदम उडी मारली असं दिसतं. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की एका ग्लासातलं जादा पाणी ओतून टाका आणि तो आडवा ठेवा. एका दिवसात मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं. मुलं याकडे बराच वेळ पाहत बसतात, त्यांना तेवढा वेळ द्या.

प्रश्न : दुसरीची मुलं पट्टीने मोजताना १ पासून सुरुवात करतात. कितीदा सांगितलं तरी पुन्हा तेच.

उत्तर : सांगून हे सुटत नाही, कारण मुलांच्या दृष्टीने मोजणं १ पासूनच सुरू होतं. पट्टीवर आपण खुणा मोजत नसून खुणांमधल्या जागा मोजतो, हे त्यांच्या हाताखालून जायला हवं. २० सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्टीवर एकेक सेंटिमीटरचे चौकोन दोन रंगांनी आलटून पालटून रंगवायला द्या. आकडे नकोत. आठवडाभर वस्तू ‘किती चौकोन’ असंच मोजायचं. मग प्रत्येक चौकोन जिथे संपतो तिथे आकडा लिहायचा, आणि पहिला चौकोन सुरू होतो तिथे काय लिहायचं ते त्यांनाच विचारायचं.

कळलं का हे पाहायला खडू ३ वर सुरू होऊन ८ वर संपेल असा ठेवा. ८ सांगणारं मूल फक्त शेवट वाचतं, ६ सांगणारं खुणा मोजतं, आणि ५ सांगणाऱ्याला कळलेलं आहे. दोन्ही चुकांना वेगळी मदत लागते. आणखी एक : पुष्कळ पट्ट्यांवर शून्याची खूण कडेपासून थोडी आत असते आणि मुलं वस्तू कडेला लावतात. तुमच्या वर्गातल्या पट्ट्या एकदा पाहून घ्या.

प्रश्न : पाचवीच्या वर्गात फॉइलच्या होड्या करून कोणाची होडी जास्त गोट्या पेलते अशी स्पर्धा घेतली. मजा आली. याला अभ्यासाशी कसं जोडायचं?

उत्तर : वेगळं काही जोडायची गरज नाही, विज्ञान आणि गणित त्या होडीतच आहे. जिंकलेली होडी का जिंकली, हा प्रश्न विचारायचा राहिला एवढंच.

सगळ्यांना सारखाच फॉइल द्या : १२ सेंटिमीटर बाजूचा चौरस. चारही कडा सारख्या दुमडून उघडी पेटी करायची. ठरवायचं एकच, कडा किती उंच. १ सेंटिमीटर दुमडली तर तळ १० बाय १० चा होतो आणि पेटीत १०० घन सेंटिमीटर जागा असते. २ दुमडली तर तळ ८ बाय ८, जागा १२८. ३ दुमडली तर ६ बाय ६, जागा १०८. ४ दुमडली तर ४ बाय ४, जागा ६४. प्रत्येक गटाला एकेक उंची वाटून द्या. कोपरे कापू नका, पाणी शिरतं. जादा भाग त्रिकोणी दुमडून भिंतीला बाहेरून चिकटवून दाबा.

गोट्या या कामाला वाईट. त्या घरंगळून एका कोपऱ्यात जातात, होडी कलते आणि बुडते, मग निकाल होडीचा लागत नाही, गोट्यांचा लागतो. चपटे वॉशर किंवा एकाच प्रकारची नाणी घ्या, मध्यापासून सुरुवात करून समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठेवा. होडीने पेललेलं शेवटचं नाणं मोजायचं, ज्याने बुडवलं ते नाही. प्रत्येक होडी तीनदा आणि मधला आकडा घ्यायचा. टबात पाणी किमान ८ सेंटिमीटर खोल हवं. उथळ पाण्यात उंच कडेची होडी तळाला टेकून उभी राहते आणि मुलांना ती बुडतच नाही असं वाटतं.

आधी अंदाज घ्या. ‘सर्वांत उंच भिंतीची’ आणि ‘सर्वांत पसरट’ अशी दोन उत्तरं हमखास येतात. नीट भरली तर २ सेंटिमीटरची होडी पुढे जाते. पाण्याचं १ मिलिलिटर १ ग्रॅमचं असतं, म्हणून १२८ घन सेंटिमीटरच्या पेटीला जास्तीत जास्त १२८ ग्रॅमच्या आसपास भार पेलता येतो. फॉइलचं वजन इतकं कमी की ते सोडून दिलं तरी चालतं. प्रत्यक्षात होडी त्याआधीच बुडते, कारण शेवटी जराशा कलण्यानेही पाणी आत येतं. इथेच एक छान प्रश्न निघतो : १ आणि ३ सेंटिमीटरच्या पेट्यांतली जागा जवळजवळ सारखी, १०० आणि १०८, मग १ सेंटिमीटरची होडी इतकी आधी का बुडते? तिचा काठ पाण्याच्या फार जवळ असतो, म्हणून. आणि ४ सेंटिमीटरची अरुंद होडी भार एका बाजूला गेला की कलंडते. गणिताने एवढं सगळं सांगितलं नसतं, ते पाण्यातच दिसतं.

घनफळ शिकवलेलं नसेल तर जाड कागदाच्या तशाच चार पेट्या करून त्यांत एक सेंटिमीटरचे ठोकळे भरायला द्या. ‘जड वस्तू बुडते’ ही समजूत मात्र होडीने पुरती जात नाही. त्यासाठी ५० ग्रॅम प्लास्टिसिनचा गोळा बुडवून दाखवा, मग त्याच गोळ्याची वाटी करून तरंगवा, दोन्ही वेळा तराजूत घालून. वाटी तरंगायची तर तिने किमान ५० मिलिलिटर पाणी बाजूला सारायला हवं. मुलं वाटी जाड आणि ठेंगणी करतात म्हणून ती बुडते. पातळ आणि खोल करायला सांगण्याआधी त्यांना दोन-तीनदा बुडवू द्या.

प्रश्न : ‘एकशे पाच’ लिहायला सांगितलं की काही मुलं १००५ लिहितात. पंचवीस ऐवजी ५२ आणि एकोणतीस ऐवजी ३९ हेही नेहमीचं. काड्यांचे गठ्ठे, मणी सगळं वापरून झालं.

उत्तर : या तिन्ही चुकांत मूल ऐकलेलं तसंच लिहितं. आधी शंभर ऐकू आले, ते लिहिले, मग पाच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि कमी केलेला एक निसटतो, म्हणून १९ ते ८९ पर्यंतच्या ‘एकोण’वाल्या संख्यांवर थोडा जास्त वेळ द्यावाच लागतो.

कान आणि लेखणी यांच्यामध्ये काड्या आणा. संख्या ऐकली की आधी गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडायच्या, मग कार्ड लावायचं, लिहायचं सर्वांत शेवटी. शतकाचं कार्ड १२ सेंटिमीटर रुंद, दशकाचं ८, एककाचं ४. तिन्ही उजव्या कडेला जुळवून एकावर एक ठेवली की १०० वर ५ बसतो, शेवटचं शून्य झाकलं जातं आणि १०५ दिसतात. १००५ का होत नाही हे मुलाला स्वतःच्या हाताने कळतं. एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडून एक काडी काढायची. ती काढण्यासाठी गठ्ठा सोडावाच लागतो, आणि मग समोर दोन गठ्ठे नऊ काड्या उरतात.

गठ्ठे तुम्ही बांधून देता का? वेळ वाचतो, पण मग मुलासाठी गठ्ठा ही एक वेगळीच वस्तू होते, त्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. काड्या मोजून रबर लावणं मुलांनीच करायचं, आणि दहा गठ्ठ्यांचा शंभराचा जुडगाही. मणीपाटी नंतर. तिच्यात दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो, त्यामुळे दहापट हे डोळ्यांना दिसत नाही. ४२ मधून १७ वजा करताना गठ्ठा सोडायची वेळ येते, तोवर काड्या हाताशी राहू द्या.

प्रश्न : गटकामात एकच मूल सगळं करतं, बाकीची बघत बसतात.

उत्तर : गट चौघांचा करा. सहाजण असले की दोघांना खरोखरच काम उरत नाही. चार कामं ठरवा : साहित्य आणणारा, कृती करणारा, नोंद लिहिणारा आणि वर्गाला सांगणारा. ही कामं प्रत्येक तासाला फिरली पाहिजेत आणि तक्ता भिंतीवर हवा, नाहीतर चांगल्या अक्षराच्या मुलीकडे कायम लेखन राहतं. साहित्यही वाटून द्या. मोजपट्टी एकाकडे, घड्याळ दुसऱ्याकडे असेल तर एकट्याला काही उरकता येत नाही. सांगणारा कोण हे कधीकधी शेवटच्या मिनिटाला ठरवा. कोणालाही उठवतील हे माहीत असलं की समजावून सांगणं गटात आपोआप सुरू होतं.

प्रश्न : सावलीच्या उपक्रमात सर्वांत आखूड सावली बारा वाजता मिळाली नाही. पुस्तकात तर ‘दुपारी बारा’ म्हटलं आहे. मुलांना काय सांगावं?

उत्तर : त्यांची नोंद बरोबर आहे, असं सांगा. घड्याळ एका मोठ्या प्रदेशासाठी ठरवलेली प्रमाणवेळ दाखवतं. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून दर १ अंश पश्चिमेला सूर्य ४ मिनिटं उशिरा माथ्याशी येतो, पूर्वेला तेवढाच लवकर. शिवाय वर्षभरात ही वेळ साधारण पाव तास मागेपुढे सरकते. पाचवीला एवढं स्पष्टीकरण झेपतं. तिसरीला ‘आपल्या गावाची दुपार कधी?’ असा प्रश्न पुरे.

काठी लहान घ्या, १० सेंटिमीटर. सूर्य क्षितिजापासून २५ अंश वर असताना तिची सावली २१ सेंटिमीटर पडते आणि मोठ्या चार्ट पेपरवर मावते. अर्ध्या मीटरची काठी घेतली तर सकाळची सावली कागदाबाहेर जाते. काठी मातीच्या गोळ्यात रोवून, दोऱ्याला दगड बांधून दोन बाजूंनी ती ओळंब्यात आहे का ते पाहा. कललेली काठी सगळ्या नोंदी बिघडवते. कागद चिकटपट्टीने जखडा आणि त्याच्या चार कोपऱ्यांभोवती जमिनीवर खडूने खुणा करा. मधल्या सुट्टीत कोणाचा तरी पाय लागतोच.

मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे सर्वांत आखूड सावली नुसत्या डोळ्याने ठरत नाही. काठीभोवती एक वर्तुळ काढा. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला टेकलं ती वेळ आणि दुपारी पुन्हा टेकलं ती वेळ लिहा. सकाळी १० वाजून १० मिनिटं आणि दुपारी २ वाजून ५० मिनिटं मिळाली, तर बरोबर मधली वेळ १२:३०, ती तुमची मध्यान्ह. वर्तुळावरच्या त्या दोन खुणांच्या मध्यबिंदूतून काठीच्या बुडाशी रेघ ओढली की उत्तर-दक्षिण दिशा मिळते. चुंबकसूचीपेक्षा हे मुलांना जास्त पटतं, कारण रेघ त्यांनी स्वतः शोधलेली असते. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे तास सुरू होण्याआधी सांगा आणि मध्येही आठवण द्या.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीला शाळेतून प्रतिकृती करून आणायला सांगतात. शेवटी रात्री आम्हीच ती बनवतो. पालकांनी काय करावं?

उत्तर : वर्गशिक्षकांशी बोला, आणि तक्रार म्हणून न बोलता मुलीला यातलं काय जमलं आणि काय नाही ते सांगा. सात वर्षांच्या मुलीच्या हाताला जे कापता, चिकटवता येत नाही ते तिचं काम नाही. घरी करायचंच असेल तर कापण्याचं अवघड काम तुम्ही करा, पण काय कुठे लावायचं हे तिला ठरवू द्या, आणि वाकडं लागलं तर तसंच राहू द्या. शिक्षकांसाठी सूचना : प्रतिकृती शाळेतच, तीन तासांत विभागून करून घ्या, आणि गुण देताना वस्तूकडे न पाहता मुलाला ‘हे असंच का केलंस?’ असं विचारा.

प्रश्न : लोलकाच्या, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या वजनाच्या, प्रयोगात प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं.

उत्तर : तीन ठिकाणी चूक होते. लोलक सोडताना मुलं ‘एक’ म्हणतात. तिथे ‘शून्य’ म्हणायचं, आणि तो जाऊन परत सोडल्या बाजूला आला की ‘एक’. नाहीतर दहाऐवजी नऊच झोके मोजले जातात. दुसरं, लांबी गाठीपर्यंत मोजतात. ती टांगलेल्या वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची. तिसरं, दोरा हातात धरतात आणि हात हलतो. तो बाकाला घट्ट चिकटवलेल्या पट्टीला बांधा.

एका झोक्याची वेळ मोजू नका, दहांची मोजा. २५ सेंटिमीटर लांबीला दहा झोके सुमारे १० सेकंदांत होतात, ५६ सेंटिमीटरला १५ आणि १ मीटरला २० सेकंदांत. वेळ दुप्पट हवा असेल तर लांबी चौपट लागते. हे सूत्राने सांगू नका, तिन्ही लांबींचे आकडे फळ्यावर मांडून मुलांना पाहू द्या. वजन दुप्पट केलं तरी वेळ बदलत नाही यावर ती विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा करून बघतो म्हणतात. करू द्या. फक्त जड वजन आकाराने लांब असेल तर त्याचा मध्य खाली जातो आणि लांबी वाढते, तेवढं तपासा. झोका फार मोठा देऊ नका, एक वीतभर पुरे.

प्रश्न : शाळेच्या वार्षिक अंकासाठी उपक्रमांचा अहवाल लिहायचा आहे. दरवर्षी ‘विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला’ याच्या पुढे जात नाही.

उत्तर : त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण कुठल्याही उपक्रमाखाली ते चालतं. उपक्रमांची संख्या कमी करा, पाच-सहाच निवडा, आणि प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा : प्रश्न काय होता, मुलांचा आधीचा अंदाज काय होता, काय केलं आणि काय मोजलं, शेवटी कोणाचं मत बदललं आणि कोणाचं नाही. नमुना असा :

‘तिसरी. बी अंधारात रुजेल का? २८ पैकी २३ मुलांनी “नाही” लिहिलं होतं. चार ग्लासांत बिया लावून दहा दिवस उंची मोजली. खोक्यातल्या बिया रुजल्या, रोपं पिवळी होती. नंतर विचारल्यावर २५ मुलांनी “रुजेल, पण पुढे वाढायला उजेड लागेल” असं सांगितलं. तीन मुलं अजून म्हणतात, खोक्याच्या फटीतून उजेड आला असेल. त्यांच्यासाठी फटी काळ्या कागदाने बंद करून प्रयोग पुन्हा लावला आहे.’

शेवटच्या दोन वाक्यांवरून शाळा मुलांचं ऐकते हे दिसतं. ती शंका रास्तही आहे. छायाचित्र निवडताना कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या रांगेऐवजी मुलाच्या हस्ताक्षरातलं नोंदीचं पान छापा, चुकीसकट. पानावर नाव असेल तर पालकांना विचारून घ्या. अहवालासाठी लागणारा मजकूर वर्षाअखेर आठवत नाही, म्हणून प्रत्येक उपक्रमाच्या दिवशीच अंदाजाच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून वर तारीख लिहा.

प्रश्न : वाचनाच्या तासाला मुलं पुस्तकं नुसती चाळतात.

उत्तर : पुस्तक अवघड असण्याची शक्यता जास्त. साधारण १०० शब्दांचा उतारा मुलाला मोठ्याने वाचायला द्या. पाचपर्यंत शब्द अडले तर पुस्तक त्याला जमण्यासारखं आहे, दहाहून जास्त अडले तर अर्थ हातातून सुटतो आणि मूल चित्रांकडे वळतं. अशा मुलाला जोडीदार द्या : एकाने वाक्य वाचायचं, दुसऱ्याने तेच पुन्हा वाचायचं. जोडाक्षरांवर अडणाऱ्याला तोच उतारा लागोपाठ तीन दिवस वाचू द्या. तिसऱ्या दिवशीचा वेग त्याचा त्यालाच जाणवतो. तासाअखेर ‘बोध काय?’ हा प्रश्न विचारू नका. ‘कुठल्या पानाशी थांबलास आणि पुढे काय होईल असं वाटतं?’ असं विचारा.

प्रश्न : वाळू, खडे आणि कापूस वापरून चौथीच्या मुलांनी पाणी गाळलं. स्वच्छ दिसणारं पाणी ती प्यायला निघाली. ते चालेल का?

उत्तर : नाही. गढूळपणा गेला तरी जंतू आणि विरघळलेले पदार्थ पाण्यात राहतात. हे मुलांना दाखवता येतं : गाळण्याआधी पाण्यात थोडं मीठ किंवा खाण्याचा रंग टाका. माती वर अडकते, रंग बराचसा खाली उतरतो. मिठाचं पाणी चाखून नको, दोन थेंब काळ्या थाळीवर उन्हात सुकवा, पांढरा डाग उरतो. गाळणी करताना बाटलीच्या तोंडाशी कापूस, त्यावर बारीक वाळू, मग जाड वाळू, सर्वांत वर खडे. वाळू आधी चार-पाचदा धुवून घ्या. न धुतलेल्या वाळूतून पाणी ओतल्यापेक्षा गढूळ बाहेर येतं, आणि मुलांना वाटतं गाळणीच चुकली.